मूळ नावांचे मूळ

अमेरिकेच्या नकाशाविषयी एक समजूत इतकी रुळली आहे की तिची शहानिशा करावी असे सहसा कुणाला वाटत नाही. गोऱ्या वसाहतकारांनी मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावल्या, माणसांना देशोधडीला लावले, हे आता कुणी नाकारत नाही. पण त्यांची नावे मात्र टिकली, असे लगेच पुढे सांगितले जाते. पन्नास राज्यांपैकी निम्म्याच्या आसपास राज्यांची नावे मूळ रहिवाशांच्या भाषांशी जोडलेली. मिसिसिपी, मिसुरी, ओहायो या नद्या. मिशिगन, हुरॉन, ईरी ही सरोवरे. शिकागो, सिएटल, मिलवॉकी ही शहरे. माणसे गेली, नावे उरली, आणि हा नकाशाच त्यांचे स्मारक झाला. तिकडे स्थायिक झालेले आपले नातेवाईकही पाहुण्यांना गाडीतून हिंडवताना हमरस्त्यावरची एखादी हिरवी पाटी दाखवून हेच सांगतात, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही.

हा पूर्वपक्ष जुना आहे. लिडिया सिगर्नी या कनेक्टिकटच्या कवयित्रीची 'इंडियन नेम्स' ही कविता १८३४ सालची. जमाती नाहीशा झाल्या तरी त्यांची नावे तुमच्या नद्यांवर, डोंगरांवर कोरलेली आहेत, ती तुम्हाला पुसता येणार नाहीत, असा तिचा आशय. सिगर्नीबाईंच्या कळकळीबद्दल शंका नाही. चेरोकी जमातीच्या हकालपट्टीला त्यांनी स्वतः विरोध केला होता. पण तारीख पाहावी. मिसिसिपीच्या पूर्वेकडील जमातींना पश्चिमेला हुसकण्याचा कायदा झाला १८३० मध्ये, आणि त्या हकालपट्टीत चेरोकींची भीषण पायपीट झाली १८३८-३९ मध्ये. म्हणजे 'माणसे गेली, नावे उरली' हा सूर लागला तेव्हा माणसे गेलेली नव्हती. त्यांना घालवण्याचे काम चालू होते. जिवंत माणसांचे स्मारक आधीच उभे राहिले, आणि विरोध करणाऱ्यांच्याही तोंडी त्या स्मारकाची भाषा बसली.

माझे म्हणणे असे की अमेरिकेच्या नकाशावरची जी नावे आपण 'मूळ' म्हणून मिरवतो, त्यांतली बरीचशी मूळ रहिवाशांनी त्या जागेला दिलेलीच नाहीत. ती गोऱ्यांनी निवडली, दुसरीकडून उचलून आणली, कधी चक्क बनवली. त्यामुळे ती पुरावा आहेत खरी, पण जमाती तिथे कशा नांदल्या याचा नव्हे. त्यांना हलवणाऱ्यांची आवड काय होती आणि त्यांचा इतिहास कुठे अडखळत होता, याचा पुरावा त्यांत आहे. कोणतेही नाव समोर आले की ते कुणी ठेवले, केव्हा ठेवले, आणि ठेवले तेव्हा त्या जागेचे लोक कुठे होते, एवढे विचारले तरी चित्र पालटते.

वायोमिंगपासून सुरुवात करू. हे नाव लेनापे जमातीच्या भाषेतले, अर्थ साधारण 'नदीकाठच्या मोठ्या सपाटीवर'. ती सपाटी आहे पूर्वेकडच्या पेन्सिल्व्हेनियात, सस्क्वेहॅना नदीच्या काठी. तिथे १७७८ मध्ये स्वातंत्र्ययुद्धातली एक रक्तरंजित लढाई झाली. ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या पलटणी आणि त्यांच्या साथीचे इरोक्वॉय योद्धे यांनी बंडखोर वसाहतकारांचा धुव्वा उडवला. या प्रसंगावर स्कॉटिश कवी टॉमस कॅम्पबेलने १८०९ मध्ये 'गर्ट्रूड ऑफ वायोमिंग' हे दीर्घकाव्य लिहिले, ते अमेरिकेत घरोघर वाचले गेले, आणि ओहायोपासून आयोवापर्यंत वायोमिंग नावाची गावे उगवली. १८६५ मध्ये ओहायोचा प्रतिनिधी जेम्स ॲशली याने पश्चिमेतल्या एका नव्या प्रदेशासाठी संसदेत हेच नाव सुचवले. सिनेटमध्ये चर्चा झाली तेव्हा शायेन, शोशोनी, अरापाहो ही त्या मुलखात खरोखर राहणाऱ्या जमातींची नावेही पुढे आली होती. ती मागे पडली. २५ जुलै १८६८ रोजी वायोमिंग प्रदेश अस्तित्वात आला. त्याच महिन्याच्या ३ तारखेला फोर्ट ब्रिजरच्या तहाने पूर्व शोशोनींना विंड रिव्हरच्या राखीव क्षेत्रात बसवण्याचे ठरले होते.

म्हणजे लेनापेंचे नाव त्यांच्या जागेपासून सुमारे २४०० किलोमीटरवर, जिथे लेनापेंची वस्ती कधी नव्हती अशा ठिकाणी, एका काव्याच्या पुण्याईने जाऊन बसले. आणि जे तिथे होते त्यांची नावे त्याच सभागृहात नाकारली गेली. या नावाला कुणाचे स्मारक म्हणायचे?

आपल्याला हे चटकन पटावे असे एक उदाहरण न्यूयॉर्क राज्यात आहे. कॅनडाच्या सीमेलगत, फ्रँकलिन काउंटीत, बॉम्बे नावाचे गाव आहे. मायकेल हॉगन या जहाजी व्यापाऱ्याने तिथे जमीन घेतली होती आणि हिंदुस्थानशी असलेल्या त्याच्या संबंधांमुळे गावाला आपल्या मुंबईचे तेव्हाचे इंग्रजी नाव मिळाले. १८३३ पासून ते चालू आहे. या पाटीवरून तिथे पूर्वी कोळीवाडा असला पाहिजे, असा निष्कर्ष कुणी काढत नाही. सगळ्यांना कळते की नाव बाहेरून आले, आणणाऱ्याच्या कारणाने आले. वायोमिंगच्या बाबतीत मात्र आपण नेमका हाच निष्कर्ष काढतो, केवळ ते कानाला 'इंडियन' लागते म्हणून. आणि या बॉम्बेच्या हद्दीलाच अक्वेसास्ने आहे, मोहॉक लोकांची जिवंत वस्ती. हे नाव त्यांचे स्वतःचे, आजही त्यांच्या रोजच्या बोलण्यातले. नकाशावर दोन्ही नावे शेजारी छापलेली दिसतात, पण एक लादलेले आहे आणि एक नांदते आहे.

आता मिशिगन. मला हे प्रकरण सगळ्यांत बोलके वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हेन्री रो स्कूलक्राफ्ट हा सरकारचा इंडियन एजंट, म्हणजे जमातींशी व्यवहार पाहणारा अधिकारी, १८२२ पासून सू सेंट मेरी इथे नेमलेला. त्याची पत्नी जेन आईकडून ओजिब्वे जमातीची होती, स्वतः लेखिका होती. सासरच्या माणसांकडून त्याने ओजिब्वे कथा, गाणी, शब्द गोळा केले. ओजिब्वे भाषा त्याच्याइतकी माहीत असणारे गोरे तेव्हा मोजकेच. याच माणसाने १८३६ च्या तहाची बोलणी करून ओडावा आणि ओजिब्वेंकडून एक कोटी एकरांहून अधिक जमीन सरकारच्या पदरात टाकली. मिशिगनमध्ये जिल्हे पाडले गेले तेव्हा त्यांना नावे हवी होती, आणि स्कूलक्राफ्टने ती पुरवली. काही खरी ओजिब्वे होती. काही त्याने स्वतःच्या टाकसाळीत पाडली. अल्पिना हे त्यांतले एक: अरबीतला 'अल' घेतला, पक्ष्यासाठी असलेल्या ओजिब्वे शब्दाचा तुकडा त्याला जोडला. आरेनॅकमध्ये लॅटिनमधली वाळू आणि ओजिब्वेतली जागा एकत्र आली. अल्कोना, आयोस्को, ऑस्कोडा ही सारी याच पठडीतली. ती कोणत्याही ओजिब्वे माणसाने कोणत्याही जागेला कधी दिलेली नव्हती.

इथपर्यंत हे एका विद्वानाच्या हौसेचे प्रकरण वाटेल. पण १८४३ मध्ये मिशिगनच्या विधिमंडळाने सोळा जिल्ह्यांची नावे एका झटक्यात बदलली. त्या यादीत दोन्ही बाजूंचे शब्द समोरासमोर ठेवून वाचावेत. नेगवेगन हे मूळ रहिवाशांच्या एका पुढाऱ्याचे नाव. ते काढून अल्कोना ठेवले. अॅनामिकी काढून अल्पिना. कॅनोटिन काढून आयोस्को. मीगिसी काढून अँट्रिम, मिकेनॉक काढून रॉसकॉमन, केकाकी काढून क्लेअर, कॉटावॉबेट काढून वेक्सफर्ड. हे चारही आयर्लंडमधले परगणे. टोनेडागाना काढून एमेट, म्हणजे आयरिश क्रांतिकारक रॉबर्ट एमेट. अनवॅटिन हा ओडावांचा पुढारी. त्याच्या जागी ऑसियोला, जो फ्लोरिडातल्या सेमिनोलांचा नायक, मिशिगनशी त्याचा काही संबंध नाही.

नेगवेगन आणि अल्कोना यांच्यात फरक काय? दोन्ही गोऱ्या कानाला सारखीच परकी. एक खऱ्या माणसाचे, दुसरे बनावट. विधिमंडळाने खरे काढून बनावट ठेवले, बहुधा या कारणाने की बनावट उच्चारायला सुटसुटीत होते आणि त्याच्यामागे कुणी माणूस उभा नव्हता. आज मिशिगनमध्ये हिंडणारा पाहुणा अल्पिनाची पाटी वाचून मनातल्या मनात मूळ रहिवाशांना नमस्कार करतो. त्याचा नमस्कार पोहोचतो स्कूलक्राफ्टला.

स्कूलक्राफ्टचाच आणखी एक पराक्रम मिसिसिपीच्या उगमापाशी आहे. १८३२ मध्ये ओझाविंदिब या ओजिब्वे वाटाड्याने त्याला ज्या सरोवरापर्यंत नेले, त्याला ओजिब्वेंचे नाव होतेच: एल्क या मोठ्या हरणावरून ठेवलेले. फ्रेंच व्यापाऱ्यांनीही त्या अर्थाचेच नाव चालवले होते. स्कूलक्राफ्टने बरोबरच्या पाद्र्याकडून 'खरा उगम' या अर्थाचे दोन लॅटिन शब्द घेतले, 'वेरितास कापुत', आणि पुढची-मागची अक्षरे छाटून मधली 'इटास्का' ठेवली. नंतर या इटास्काभोवती एका आदिवासी कन्येची आणि तिच्या अश्रूंची दंतकथाही रचली गेली. लॅटिनच्या कापलेल्या तुकड्याला अशी वंशावळ मिळाली, आणि जो वाट दाखवत होता त्याच्या तोंडचे नाव बाजूला पडले.

अर्थ बनवण्याचा हा उद्योग पुढेही थांबला नाही. आयडाहो म्हणजे शोशोनी भाषेत 'पर्वतांचे रत्न' असे १८६० च्या सुमाराला सांगितले गेले; तो अर्थ रचलेला होता. आधी ते नाव कोलोरॅडोला मिळणार होते, संशय आला म्हणून १८६१ मध्ये बेत बदलला, आणि दोनच वर्षांनी तेच नाव वायव्येच्या प्रदेशाला चिकटवले. मॅसॅच्युसेट्समधल्या वेबस्टर सरोवराचे पंचेचाळीस अक्षरी लांबलचक नाव प्रवाशांना आवर्जून सांगतात आणि त्याचा अर्थही: तुम्ही तुमच्या बाजूला मासे धरा, आम्ही आमच्या बाजूला धरतो, मध्ये कुणीच नको. हा अर्थ लॉरेन्स डेली या स्थानिक संपादकाने १९२० च्या दशकात स्वतः रचून छापला होता. जुने नाव एवढेच सांगत होते की हद्दीवरची मासेमारीची जागा. त्या साध्या, उपयोगी नावाने कुणाचे समाधान झाले नाही; इंडियन म्हटला की त्याच्या तोंडी सुभाषितच हवे.

यावर एक वाजवी आक्षेप येतो. काही नावे बनावट निघाली म्हणून सगळी बनावट ठरत नाहीत. बरोबर आहे, आणि इथे पूर्वपक्षाला त्याचे द्यायलाच हवे. नद्यांची नावे बहुतेक खरी आहेत, आणि त्याला व्यवहाराचे कारण आहे. सतराव्या शतकातला फ्रेंच व्यापारी किंवा पाद्री वल्ह्याच्या होडीतून अनोळखी मुलखात शिरत होता. पुढचा फाटा कुठे, धबधबा कुठे, होडी खांद्यावर घेऊन किती चालायचे, हे त्याला स्थानिकांना विचारावेच लागे, आणि नदीचे नाव न कळता वाट कळत नसे. गरज होती तिथे नाव ऐकले गेले. कनेक्टिकट म्हणजे भरती-ओहोटीची लांब नदी, हे त्या नदीचे नेमके वर्णन आहे. शिकागो हे मायामी-इलिनॉय भाषेतल्या 'शिकाक्वा'वरून, म्हणजे त्या नदीकाठी उगवणाऱ्या उग्र वासाच्या रानलसणीवरून. फ्रेंचांनी ते ऐकले आणि लिहून ठेवले. ही नावे अस्सल आहेत.

पण अस्सल नावांचाही प्रवास पाहावा लागतो. मिसिसिपी म्हणजे ओजिब्वे घराण्याच्या भाषेत मोठी नदी. ओजिब्वे राहत उत्तरेला, उगमाकडे. फ्रेंचांनी तिथे नाव ऐकले आणि होडीबरोबर ते थेट समुद्रापर्यंत खाली नेले. खालच्या काठावर नॅचेझ, चॉक्टॉ, चिकसॉ अशा अगदी वेगळ्या भाषांचे लोक होते. त्यांच्या मुलखावर, त्यांच्या राज्यावरही उत्तरेचे नाव बसले. जमातींच्या नावांचेही असेच झाले. ज्यांच्या मदतीने गोरे पुढे सरकत होते त्यांना ते विचारत, पुढे कोण राहतात? उत्तर मिळे ते शेजाऱ्यांनी, कधी वैऱ्यांनी ठेवलेले नाव. आयोवा हे डकोटांनी शेजाऱ्यांना दिलेले नाव. ते लोक स्वतःला बाखोजे म्हणवतात. आर्कान्सा हे पूर्वेकडच्या भाषिकांनी क्वापा लोकांना दिलेले. मोहॉक हे तर शत्रूंनी दिलेले, नरभक्षक या अर्थाचे. त्यांचे स्वतःचे नाव कान्येन्केहाका. ज्याला आपण जमातीची खूण समजतो, ती कित्येकदा जमातीविषयीची कागाळी असते.

आणि 'केव्हा' हा प्रश्न अस्सल नावांनाही लागू आहे. शिकागो हे रीतसर गाव झाले ऑगस्ट १८३३ मध्ये. पोटावाटोमींनी तिथली उरलीसुरली जमीन सोडून पश्चिमेला जाण्याचा तह झाला पुढच्याच महिन्यात. नाव नगरपालिकेच्या दप्तरात शिरत असताना माणसे बाहेर काढली जात होती.

नाव देणे आणि हाकलणे या दोन गोष्टी एकाच श्वासात कशा होतात, हे योसेमिटीच्या दरीत घडलेल्या प्रसंगात लख्ख दिसते. तो सांगणारा त्याच पथकातला माणूस आहे, म्हणून त्याची साक्ष मोलाची. कॅलिफोर्नियात सोन्याची झुंबड उडाली होती. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन हे स्वयंसेवकांचे पथक डोंगरातल्या एका जमातीला पकडून राखीव क्षेत्रात नेण्यासाठी दरीत शिरले. दरीतले लोक तिला आवानी म्हणत आणि स्वतःला आवानीची. पथकातल्या लाफायेट बनेलने शेकोटीभोवती सूचना मांडली की दरीला योसेमिटी म्हणावे, म्हणजे ज्यांना आपण इथून काढतो आहोत त्यांचे नाव राहील. सर्वांनी मते दिली, ठराव झाला. योसेमिटी हे त्या जमातीचे स्वतःचे नाव नव्हतेच. आसपासचे मिवोक लोक भीतीने त्यांना म्हणत, 'ते मारेकरी आहेत'.

त्यानंतरच्या मोहिमेत जमातीचा म्हातारा पुढारी तेनाया पथकाच्या हाती लागला. त्याच्या एका मुलाला गोळी घालून मारले होते. उरलेले लोक वर डोंगरातल्या एका निळ्याशार सरोवराच्या काठी सापडले. बनेलने तेनायाला जवळ बोलावले आणि सांगितले की या सरोवराला आम्ही तुझे नाव देत आहोत. तेनायाला आधी काही उमगेना. मग तो म्हणाला, याला नाव आहे, आम्ही याला पायवीॲक म्हणतो. बनेलने खुलासा केला: तुझे लोक आम्हाला इथे सापडले, आणि ते आता इथे राहायला कधी परत येणार नाहीत, म्हणून हे नाव. म्हाताऱ्याचा चेहरा पडला, आणि काही न बोलता तो आपल्या माणसांत जाऊन बसला. मुलूख गेल्याची भरपाई सरोवराला नाव देऊन होत नाही असे त्याला वाटले असावे, हे बनेलनेच आपल्या १८८० च्या पुस्तकात नमूद केले आहे.

मला तरी 'माणसे गेली, नावे उरली' या विधानाचे याहून स्वच्छ खंडन माहीत नाही. ज्याच्या नावाने गौरव करायचा तो समोर उभा आहे, नाव आधीच आहे असे सांगतो आहे, आणि त्याच्या सांगण्याला काही किंमत नाही. आज नकाशावर तेनाया लेक आहे. पायवीॲक हे नाव सरोवराला उरले नाही. ते जवळच्या एका धबधब्याला आणि एका घुमटाकार खडकाला चिकटले. दोन्ही नावे मूळ रहिवाशांची, आणि दोन्ही चुकीच्या जागी.

सिएटलही याच मालिकेतले. दुवामिश आणि सुक्वामिश लोकांचा पुढारी सिआल्ह याचे नाव वसाहतकारांनी आपल्या गावाला दिले, १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला. ज्या जागी गाव वसले तिला त्या लोकांचे स्वतःचे नाव होते, पलीकडे जाण्याची लहानशी वाट या अर्थाचे. १८६५ च्या जानेवारीत गावाला नगराचा दर्जा मिळाला आणि फेब्रुवारीत पाचव्या क्रमांकाचा नगरनियम आला: गोऱ्या मालकाने कामावर ठेवून राहायची सोय केलेली नसेल, तर कुणाही इंडियनाने नगराच्या हद्दीत राहू नये. सिआल्ह तेव्हा हयात होता. पुढच्या वर्षी वारला. त्याच्या नावाच्या गावात त्याच्या माणसांना राहायला बंदी होती. दुवामिश जमातीला केंद्र सरकारची मान्यता मिळवण्यासाठी अजूनही झगडावे लागते आहे.

मग या लोकांची नावे आहेत तरी कशी, आणि कुठे? इथे मंडनाकडे वळायला हवे, कारण नुसते खोडून काढले तर असे वाटेल की सारेच पुसले गेले. तसे झालेले नाही. ॲरिझोनातल्या सिबेक्यू या वस्तीत कीथ बॅसो या मानववंशशास्त्रज्ञाने अनेक वर्षे पश्चिमी अपाचींबरोबर काम केले. जमातीचे अध्यक्ष रॉनी लूप यांनी त्याला सुचवले होते की गोऱ्यांचे नकाशे पुष्कळ आहेत, अपाचींचे कर. शंभरेक चौरस किलोमीटरच्या टापूत जवळजवळ ३०० नावे नोंदली गेली. ती नावे म्हणजे छोटी छोटी वाक्ये आहेत: पांढरे खडक वर एका ठिकाणी दाटीने बसले आहेत, ओळीने मांडलेल्या सपाट दगडांवरून पाणी खाली येते. जागेपाशी उभे राहिले की वाक्य डोळ्यांसमोर खरे ठरते. प्रत्येक नावाला पूर्वजांची एखादी गोष्ट लागलेली, आणि गोष्टीत वागणुकीचा धडा. कुणी चुकीचे वागले तर वडीलधारे त्याला थेट बोलत नाहीत. चारचौघांत त्या जागेचे नाव काढतात, तिथे घडलेले सांगतात, आणि ज्याला कळायचे त्याला कळते. पुढे तो माणूस त्या जागेवरून जाताना दर वेळी ती आठवण ठेवतो. बॅसोच्या १९९६ च्या 'विज्डम सिट्स इन प्लेसेस' या पुस्तकात हे सारे आहे.

या नावांकडे पाहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. ती लहान जागांची आहेत: एक झरा, एक वळण, एक कातळ. वायोमिंगएवढ्या आयताकृती प्रदेशाला नाव देण्याची गरज त्यांना कधी पडलीच नाही, कारण असा आयत त्यांच्या जगात नव्हता. मॅसॅच्युसेट्स हे नाव खरे, पण ते बॉस्टनच्या दक्षिणेकडच्या एका टेकडीजवळच्या लोकांचे. तिथून ते उपसागराचे झाले, मग वसाहतीचे, मग राज्याचे. राज्यांची यादी काढून निम्मी नावे मोजणे हीच मुळात चुकीची मोजणी आहे. जिथे मूळ रहिवाशांची नावे असणे शक्यच नव्हते तिथे ती शोधायची, आणि जिथे ती दाट होती त्या ओढ्यांवर, टेकड्यांवर मिल क्रीक आणि बेअर क्रीक वाचून पुढे जायचे.

कुणी म्हणेल, जगात सगळीकडे नावे अशीच घडतात. परक्यांच्या तोंडी बिघडतात, जागा बदलतात, अर्थ हरवतात. खरे आहे. पण मुंबईला इंग्रजी कागदोपत्री बॉम्बे म्हटले जात होते तेव्हाही मराठी माणूस मुंबईच म्हणत होता, आणि १९९५ मध्ये सरकारी नाव बदलले ते या चालू वहिवाटीच्या जोरावर. बोलणारे जागेवर होते. अमेरिकेत बोलणाऱ्यांना उचलून दुसरीकडे नेले, त्यांच्या मुलांना वसतिशाळांत घालून भाषा बोलल्याबद्दल शिक्षा केल्या, आणि मग त्यांच्या भाषेतला एखादा शब्द गावावर लावला. पहिल्यात झीज आहे. दुसऱ्यात तोड आहे. दोन्हींना एकच नियम लावता येत नाही.

ओक्लाहोमाचे उदाहरण माझ्याविरुद्ध जाते असे वाटेल, म्हणून तेही पाहू. हे नाव चॉक्टॉ पुढारी ॲलन राइट यांनी १८६६ च्या तहाच्या वेळी स्वतः सुचवले: ओक्ला म्हणजे लोक, हुम्मा म्हणजे तांबडे. नाव देणारा मूळ रहिवासी, भाषा त्याची, अर्थ खरा. पण जागा? चॉक्टॉंना तिथे आणून टाकले होते १८३० नंतर, मिसिसिपीतले त्यांचे घर हिसकावून. नव्या, लादलेल्या मुलखाला हुसकलेल्या माणसाने दिलेले हे नाव आहे. त्याचा मान ठेवावा, पण ते जुन्या वस्तीची साक्ष म्हणून वापरू नये.

अलीकडच्या नामांतरांनाही हीच कसोटी लावली म्हणजे त्यांतला फरक कळतो. ग्रेट स्मोकी पर्वतातल्या सर्वांत उंच शिखराला १८५९ मध्ये टॉमस क्लिंगमन या राजकारण्याचे नाव मिळाले होते, जो पुढे गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या फौजेत सेनानी झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये ते शिखर पुन्हा कुवोही झाले. मागणी केली होती चेरोकींच्या पूर्व शाखेने, जी डोंगरात तग धरून राहिली, जिच्या भाषेत ते तुतीचे ठिकाण आहे, आणि जिच्या कथांत त्या शिखराला स्थान आहे. अलास्कातल्या सर्वोच्च शिखराचे प्रकरण आणखी शिकवणारे. कोयुकॉन लोकांच्या भाषेतले दिनाली, म्हणजे उंच असलेला. १८९६ मध्ये एका सोने शोधणाऱ्याने विल्यम मॅकिन्ली या ओहायोच्या राजकारण्याचे नाव लावले, अलास्का राज्याने १९७५ पासून जुने नाव मागितले, ओहायोच्या प्रतिनिधींनी ते दशकानुदशके अडवले, २०१५ मध्ये ते मिळाले, आणि २०२५ च्या जानेवारीत अध्यक्षांच्या एका सहीने पुन्हा मॅकिन्ली झाले. नावे टिकतात म्हणणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावे. अलास्कात लोक दिनालीच म्हणतात. ते नाव टिकले आहे ते त्यांच्या तोंडी.

मग वायोमिंग, अल्पिना, तेनाया लेक ही नावे काढून टाकायची का? माझी तशी मागणी नाही. दीडशे वर्षे तिथे जन्मलेल्या-वाढलेल्या माणसांची ती आता गावे आहेत. मागणी पाटीखालच्या मजकुराबद्दल आहे. पर्यटनाच्या पुस्तकात, संग्रहालयाच्या भिंतीवर, शाळेच्या धड्यात 'हे एक इंडियन नाव' एवढे लिहून थांबू नये. अल्पिनाखाली लिहावे की हे १८४३ मध्ये विधिमंडळाने ठेवले आणि यापूर्वी इथे अॅनामिकी हे नाव होते. वायोमिंगखाली लिहावे की लेनापे आज मुख्यतः ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडातल्या ऑन्टॅरिओत आहेत. पाटीवरच्या नावातून भाषा मात्र परत मिळत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये वाँपानोआग लोकांनी दीडशेहून अधिक वर्षे कुणी न बोललेली आपली भाषा १९९० च्या दशकापासून पुन्हा उभी करायला घेतली, तेव्हा त्यांनी १६६३ साली छापलेले त्या भाषेतले बायबल आणि पूर्वजांनी स्वतः लिहिलेली जमिनींची खतपत्रे वाचायला घेतली. त्या कागदांत शेतांच्या हद्दी, ओहोळ, खाचरे यांची नावे आहेत, त्यांच्या भाषेतल्या पूर्ण, व्याकरणशुद्ध वाक्यांत बसलेली. राज्याच्या नावावरून त्यांना भाषेचा एक नियमही मिळाला नसता. या कागदांवरून पुन्हा उभी राहिलेली ती भाषा आता काही मुले घरी बोलतात.